मातीने झाकल्याने कचऱ्याचे पाणी थांबत नाही

‘कचरा डेपो बंद करून वर माती पसरली की धोका संपतो, थोडे पाणी झिरपलेच तर जमीन ते गाळून घेते, शंका असल्यास विहिरीचे पाणी उकळून प्यावे’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. यातले एकही विधान टिकत नाही, आणि डेपोच्या उताराला राहणाऱ्यांसाठी तर ते घातक आहे.

जमीन गाळते, हे अर्धेच खरे. गढूळपणा आणि काही जिवाणू मातीत अडकतात. विरघळलेले क्षार मात्र पुढे जातात, आणि क्लोराइडला तर माती जवळपास अडवतच नाही. त्यातून दख्खनच्या पठारावर मुरमाच्या पातळ थराखाली भेगाळलेला काळा पाषाण असतो. ज्या भेगांतून विहिरीला झरा लागतो, त्याच भेगांतून कचऱ्याचे पाणीही येते. पुण्याचा कचरा ज्या उरुळी देवाचीला अनेक दशके टाकला गेला, तेथील आणि शेजारच्या फुरसुंगीतील विहिरी अशाच नासल्या आणि पाण्याने भरलेल्या विहिरी असूनही लोकांना टँकरची वाट पाहावी लागली.

कलिंगडाच्या साली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवल्या, तर पाऊस नसतानाही तळाशी आंबूस, तपकिरी पाणी साचते. डेपोत हेच घडते, वर पावसाची भर पडते, आणि साधी माती तो पाऊस अडवत नाही. म्हणूनच २०१६ च्या घनकचरा नियमांत कचऱ्याचा भराव बंद करताना ६० सेंटीमीटर घट्ट चिकणमाती, तिच्यावर निचऱ्याचा थर आणि त्यावर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटीमीटर माती सांगितली होती. नव्या भरावाच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक अस्तरही त्यांत बंधनकारक होते. जुन्या उघड्या डेपोंखाली असे काहीच नाही.

उकळण्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट आणि जड धातू तसेच राहतात. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते.

खरा उपाय घरातच सुरू होतो: ओला कचरा वेगळा होऊन खतात किंवा बायोगॅसमध्ये गेला, तर हे पाणी मुळातच फार कमी तयार होईल. जुने ढीग खणून, चाळून मोकळे करावेत, आणि तोवर भोवती चर खणून पावसाचे पाणी बाहेरच वळवावे, झिरपलेले पाणी टाकीत धरून त्यावर प्रक्रिया करावी. भरावाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासणे २०१६ च्या नियमांतच सांगितले होते. त्या तपासणीचे आकडे गावाच्या फलकावर लागले पाहिजेत.