मधुमालतीचे तीन रंग कलमातून येत नाहीत

एक मेसेज सतत फिरतो आहे: 'मधुमालती ही चमेलीची जात. तीन रंगांच्या वेलींचं कलम करतात म्हणून एकाच गुच्छात पांढरी, गुलाबी, लाल फुलं दिसतात. लाल कमी पडली तर लोहाचं खत घाला. झाडावर मात्र चढवू नका, त्याचा रस शोषते.'

आधी कलमाचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. संध्याकाळी नुकत्याच उमललेल्या पांढऱ्या फुलाला दोरा बांधून ठेवा. तेच फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी लाल. पाकळ्यांत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य साठत जातं, म्हणून हा बदल. गुच्छात देठाकडच्या कळ्या आधी उमलतात, त्यामुळे तिन्ही वयांची फुलं एकदम दिसतात. पांढरं, सुवासिक फूल आडवं असतं. ते रात्री येणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी. रंग चढला की फूल खाली झुकतं आणि दिवसा मधमाश्या, पक्षी येऊ लागतात. लोहाच्या खताचा मुद्दा इथेच निकालात निघतो. ज्याला फक्त लालच हवीत, त्याने दोन दिवस थांबावं!

चमेलीशी नातं? अजिबात नाही. चमेलीच्या फुलात पुंकेसर दोन, मधुमालतीत दहा. फुलाचा लांब दांडा वाटतो तो खरं तर पोकळ नळी असते. नखाने उभी चिरा, आत मध लागेल. आणि नळीच्याही खाली, पाकळ्यांपासून पार दूर, बीजांडकोश (ज्याचं पुढे फळ होतं तो भाग) सापडेल. चमेलीत तो पाकळ्यांच्या नळीच्या आत, बुडाशी असतो. मधुमालतीचं शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम, म्हणजे ती हिरडा, बेहडा आणि अर्जुनाच्या कुळातली. पाच धारांचं तिचं सुकं फळ पाहिलं की अर्जुनाचं फळ आठवतंच.

राहिला रस शोषण्याचा आरोप. तसं करते ती अमरवेल: पानं नाहीत, जमिनीत मूळ नाही, ज्या झाडावर वाढते त्याच्या खोडात रस ओढणारी चूषकं घुसवते. मधुमालतीला स्वतःची मुळं आणि भरपूर हिरवी पानं आहेत. पान गळल्यावर देठाचा बुडखा कडक होऊन आकड्यासारखा उरतो, त्याच्या आधाराने ती वर चढते. साल खरवडेल फार तर. पण वेल जोरदार वाढते आणि लहान झाडाला पार झाकून टाकते. मग ते झाड उन्हावाचून खंगतं. तेव्हा छोट्या झाडावर चढवू नका हे बरोबर, मेसेजमध्ये दिलेलं कारण तेवढं चुकलंय.