घट्ट म्हणजे पक्कं नव्हे!

लग्नसराई आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडं तेच. गंगावन बसवताना मुलगी "दुखतंय" म्हणते, आणि उत्तर ठरलेलं: "नवरीनं थोडं सोसायचं असतं." का सोसायचं? दुखतंय म्हणजे मुळं ओढली जातायत. रोज तशीच ओढ बसली तर आधी बारीक पुळ्या येतात, मग कपाळाजवळचे, कानशिलावरचे केस विरळ होतात. मूळ एकदा मेलं की तिथं परत केस येत नाही.

क्लिप पक्की बसायला जोर लागत नाही हो! मुळाशी केस उलटे विंचरून छोटी गादी करा, क्लिप त्यात अडकवा. कडेचे दोन बोटं केस सोडून द्या, ते सगळ्यांत नाजूक. सगळं वजन एका अंबाड्यावर टाकून वर आणि अबोलीचे पदर कशाला? रात्री झोपताना क्लिपचं गंगावन काढायचंच.

टेपनं चिकटवायच्या गंगावनाची वेगळीच तऱ्हा. टेप टाळूला नव्हे, मुळाजवळच्या केसांना चिकटवतात. टाळू आणि टेपमध्ये साधारण १ सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर मान वळवली तरी ओढ बसते. पहिले ४८ तास पाणी नको. खोबरेल मुळाला चोळलं की गोंद सुटतो, हे घरच्या मावश्यांना कोण सांगणार? ६ ते ८ आठवड्यांनी काढून पुन्हा वर बसवायचं, कारण खालून केस वाढलेला असतो.

आणि खानापूरच्या पावसात ओल्या केसांची वेणी घालू नका. मुळं कोमट हवेच्या ड्रायरनं आधी वाळवा. ओल कोंडली की खाज आणि कुबट वास आलाच.