‘रेडी’च्या ६५ टक्क्यांबद्दल

नमस्कार,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तर द्यायला हवं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गोळीबाराचा मोठा धोका असलेल्या पुरुषांना पगारी काम आणि समुपदेशन देणाऱ्या शिकागोच्या ‘रेडी’ कार्यक्रमावर लिहिताना मी गोळीबार-खुनाच्या अटका ६५ टक्क्यांनी घटल्याचा आकडा मिरवला आणि मुख्य निष्कर्ष गाळला. २०२१नंतर खून सगळ्या अमेरिकेतच घटले, त्याचं श्रेय अशा कार्यक्रमांना देऊ नये. आणि गुन्हेगारांना पगार देण्यापेक्षा तो पैसा पोलिसांना द्यावा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. संशोधकांनी तीन गोष्टी एकत्र करून एक मोजमाप आधीच ठरवलं होतं: गोळी लागणं किंवा खून होणं, गोळीबार वा खुनासाठी अटक, आणि इतर गंभीर हिंसेसाठी अटक. या एकत्रित मोजमापात ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. ६५ टक्के घट फक्त दुसऱ्या गोष्टीत दिसली, आणि तीन ठिकाणी शोधल्यावर एका ठिकाणी सापडलेला आकडा योगायोगाचाही असू शकतो. शिवाय अटक म्हणजे गोळीबार नव्हे. शिकागोत जखमी करणाऱ्या बहुतेक गोळीबारांत कुणाला अटकच होत नाही. हे सगळं त्या आकड्याला लागूनच लिहायला हवं होतं.

दुसरा आक्षेप मात्र ‘रेडी’ला लागू होत नाही. २०१७मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात २,४५६ पुरुष होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं त्यांतल्या काहींना कार्यक्रमात बोलावलं, बाकीच्यांना नाही. वस्त्या त्याच, वर्षं तीच. शहरातली हिंसा आपोआप घटली असती, तर ती दोन्ही गटांत घटली असती. तुमचा आक्षेप बाल्टिमोरच्या ‘सेफ स्ट्रीट्स’ला, म्हणजे वस्तीतल्या कार्यकर्त्यांकडून भांडणं मिटवणाऱ्या कार्यक्रमाला, खरा झोंबतो. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, एका वस्तीची दुसरीशी तुलना होती. २०१२च्या मूल्यमापनात चेरी हिल या वस्तीत खून घटलेले दिसले, तर मॅडिसन-ईस्टएंडमध्ये वाढलेले. पिट्सबर्गच्या अशाच कार्यक्रमानंतर तर काही भागांत हल्ले वाढले. कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढंच तर नाही ना, ही शंका तिथे मलाही येते.

आता पगाराचं. तो दीड वर्षाच्या कामाचा होता, सोबत राग आणि विचार सावरायला शिकवणारे समुपदेशनाचे वर्ग. पण माझ्या मते खरी गोम माणसं कशी निवडली यात आहे. काही जण पोलिसांच्या नोंदींवरून संगणकाने सुचवले, काही तुरुंगातून सुटताना निवडले, आणि काहींची नावं वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी दिली. या तिसऱ्या गटात गोळीबार-खुनाच्या अटका ७९ टक्क्यांनी घटल्या, आणि स्वतः गोळीचं लक्ष्य होणं ४३ टक्क्यांनी. काल कुणाचं कुणाशी वाजलं, गेल्या आठवड्यात कुणाचा मित्र मारला गेला, हे त्या कार्यकर्त्यांना ठाऊक असतं. नोंदवहीत ते येत नाही. अर्थात हा एका उपगटाचा निकाल आहे, पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर धोरण उभारू नये. आणि पोलिसांवर तोच पैसा खर्च केला असता तर काय झालं असतं, हे या अभ्यासाने तपासलेलंच नाही. त्यामुळे त्याच्या आधारे तुमचं म्हणणं खोडता येत नाही, तसं सिद्धही करता येत नाही. मला एवढंच वाटतं, की ज्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक जणांना आधीच एकदा गोळी लागलेली आहे, त्यांना नुसतं ‘गुन्हेगार’ म्हणून सोडून देऊ नये.

लेखातलं वाक्य आज बदललं आहे. आता ते असं आहे: ‘एकूण गंभीर हिंसेत स्पष्ट घट दिसली नाही, गोळीबार आणि खुनासाठीच्या अटका ६५ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा निकाल अजून पक्का नाही.’