मॅडम, मिरचीला आठ दिवस पुरत नाहीत

नमस्कार मॅडम. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. आमच्या बियाण्यांच्या दुकानाला ऑनलाइन एक स्टार देणं हा तुमचा हक्क आहे. पण ‘आठ दिवस झाले, एकही कोंब नाही, मुदत संपलेलं बी गळ्यात मारतात’ हे वाचून रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मिरचीचं बी मुळात सावकाश उगवतं. 25 ते 30 अंश ऊब मिळाली तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. नाशिकच्या जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो, तेव्हा पंधरा-वीस दिवसही लागतात. तुम्ही त्याच दिवशी मेथीही नेली होती. ती तीन-चार दिवसांत वर आली असेल, म्हणून मिरचीचीही तशीच वाट पाहिलीत का? आठव्या दिवशी मिरचीच्या बियाला मेलेलं म्हणणं बरोबर नाही.

राहिली मुदत. पाकिटाच्या मागे लॉट नंबर (म्हणजे बी कोणत्या खेपेचं, तो क्रमांक), उगवण चाचणीची तारीख आणि मुदत छापलेली आहे. कृपया पाकीट उलटून बघा, मुदत अजून शिल्लक आहे. मिरचीसाठी किमान उगवण 60 टक्के ठरलेली आहे, म्हणजे दहातल्या तीन-चार बिया आल्या नाहीत तरी बी नापास होत नाही.

तुम्ही टाकलेल्या फोटोत ट्रे गॅलरीतल्या फरशीवर आहे आणि खालच्या ताटलीत पाणी साचलंय. एवढ्या पाण्यात बियाला हवा मिळत नाही, ते कुजतं. कोकोपीट, म्हणजे ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा, मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल हवी. ट्रे घरात, ऊब असेल तिथे ठेवा. कोंब दिसला की त्याच दिवशी भरपूर उजेडात न्या, नाहीतर रोप लांबुडकं होऊन आडवं पडतं. हे सगळं मी काउंटरवर सांगायला घेतलं होतं. तुमची गाडी रस्त्यात उभी होती, मागून हॉर्न वाजत होते, तुम्ही घाईत निघालात. दोष देत नाही, पण ‘कुणी काही सांगत नाही’ हे मनाला लागलं.

हे दुकान वडिलांनी सुरू केलं. आजही शेतकरी आमच्याकडून उधारीवर बियाणं नेतात आणि माल विकला गेला की पैसे आणून देतात. खराब बी विकलं असतं तर ते पुन्हा आमची पायरी चढले नसते. तुमचं लिहिलेलं वाचून काल एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, बी ताजं आहे ना? त्याला उत्तर देताना फार जड गेलं.

पाकिटासोबत सूचनांची चिठ्ठी देण्याचं बघतो, बाकीही काही सुधारणा करतोय. ट्रे फेकला नसेल तर ताटलीतलं पाणी काढा आणि अजून दहा-बारा दिवस थांबा. तरीही नाहीच उगवलं तर पाकीट घेऊन या, दुसरं देतो, पैसे नकोत. फक्त ‘मुदत संपलेलं’ तेवढं काढून टाका, ही हात जोडून विनंती.