तिच्या लोभावर निस्पृह माणसाने करावयाचे उपाय

आपली प्रेयसी वस्तूंवर जीव टाकणारी निघाली, ही आपली तक्रार रास्तच आहे. बेळगावच्या गणपत गल्लीतून जाताना ती सराफाच्या काचेपुढे क्षणभर रेंगाळते, एवढा पुरावा कोणत्याही समंजस पुरुषास पुरेसा व्हावा. अशा वेळी आपली नवी बुलेट (ती गरजेपोटी घेतलेली असते) जरा जोरात रेस करून तिचे मन ऐहिकातून बाहेर काढावे.

तिने अंगठीचा विषय काढलाच, तर नकार देऊ नये. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात अजून प्रलंबित आहे आणि तरीही आपल्या घरात कोणी आशा सोडलेली नाही, तेव्हा तिनेही पुढच्या तारखेची वाट पाहावी, असे प्रेमाने समजवावे. दसऱ्याला आपट्याची पाने सढळ हाताने द्यावीत. वाढदिवसाला पाव किलो कुंदा न्यावा आणि त्यातला निम्मा तिच्यासमोर बसून आपणच खावा, म्हणजे तिची संग्रहवृत्ती बळावत नाही.

एवढ्याने न भागल्यास तिला शहापुरातल्या एखाद्या पेढीवर नेऊन सोन्याचे अर्थशास्त्र ऐकवावे. दागिना मोडताना घडणावळ बुडते, खरेदीच्या वेळी भरलेला तीन टक्के जीएसटीही परत मिळत नाही. हे सारे खरेच असल्यामुळे आवाज चढविण्यास हरकत नाही. मात्र तिने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या कुड्या काढून, सराफाच्या भिंगाखाली त्यांवरचा ९१६ चा, म्हणजे बावीस कॅरेट शुद्धतेचा शिक्का आणि सहा अंकाक्षरांचा हॉलमार्क क्रमांक आपल्याला वाचून दाखविला, तर ताबडतोब हवापाण्याकडे वळावे.

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपण मान खाली घालून बसावे. ‘आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या,’ हे मामांनी म्हणावे, आणि ‘मुलाच्या अंगावर काय घालणार?’ हे आत्याबाईंनी माजघरातून, सहज म्हणून विचारावे. पाच तोळ्यांचा गोफ, अनगोळकडचा रिकामा प्लॉट, ही सगळी त्यांची हौस. आपला त्यात काय संबंध? १९६१ चा हुंडाबंदी कायदा हुंडा देणे, घेणे आणि मागणे या तिन्हींना गुन्हा मानतो, म्हणून यादी कागदावर उतरवू नये. आत्याबाईंना ती तोंडपाठ असते.

साखरपुड्याला गोफ गळ्यात पडण्यापूर्वी तो खिडकीच्या उजेडात नेऊन त्यावरचा शिक्का मात्र आपण स्वतः तपासून घ्यावा.