पिकअपला मोठे टायर: दोन इंच उंचीच्या सल्ल्याचा हिशेब

पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला तोंडोतोंडी फिरत असतो आणि आता तो व्हॉट्सअ‍ॅपवरही पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा की कंपनीने दिलेले टायर काढून दोन मापे मोठे टायर टाकावेत. मग गाडी जमिनीपासून दोन इंच उचलली जाते, चाकाचे फेरे कमी झाल्यामुळे डिझेल वाचते, मागे अडीचशे-तीनशे किलो माल जास्त बसतो, चिखलात गाडी रुतत नाही, ब्रेकला काही होत नाही, आरटीओ टायरचे माप पाहत नाही, आणि खर्च म्हणाल तर तो फक्त चार टायरांचा. यातल्या प्रत्येक दाव्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, आणि म्हणूनच तो खोडून काढताना मापे हातात घेऊन बसावे लागते.

सुरुवात उंचीपासून करू, कारण बाकी सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते तेव्हा २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास असतो. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरली की एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो, म्हणजे वाढ ३० मिलिमीटरची. परंतु आस (अ‍ॅक्सल) चाकाच्या मध्यावर असते, त्यामुळे गाडी उचलली जाते ती या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे १५ मिलिमीटर. रिमही बदलून २४५/७५ आर १६ पर्यंत उडी मारली तरी व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर आणि उंचीतली वाढ ३५ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहूनही कमी. पूर्ण दोन इंच हवे असतील तर व्यास चार इंचांनी वाढवावा लागेल, आणि तेवढा टायर बहुतेक पिकअपच्या मडगार्डमध्ये पुढचे चाक पूर्ण वळवल्यावर घासल्याशिवाय राहणार नाही.

आता डिझेल. चाकाचे फेरे कमी होतात हे खरे. वरच्या दुसऱ्या उदाहरणात व्यास १० टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब झाला. रिकामी गाडी सपाट महामार्गावर चालवणाऱ्याला याचा किंचित फायदा जाणवूही शकेल. पण पिकअप रिकामी फिरवण्यासाठी कोणी घेत नाही. कल्याणकडून माल भरून माळशेज घाट चढत ओतूर-नारायणगावकडे येणाऱ्या गाडीला त्याच गिअरमध्ये चाकाशी सुमारे ९ टक्के कमी ओढ मिळते, त्यामुळे चालक एक गिअर आधीच खाली उतरतो, चढावर थांबून पुन्हा निघताना अर्धा क्लच जास्त वेळ धरतो, आणि वाचलेले म्हणून सांगितलेले डिझेल तिथेच जाते. जड टायर फिरवायला लागणारी ताकद आणि खडबडीत नक्षीचा वाढलेला रोध वेगळाच. अ‍ॅव्हरेज काढतानाही एक फसगत होते, आणि ती मोठ्या टायरच्या विरोधात जाते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे: मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ११० धावलेली असते, म्हणून मीटरवर विसंबून काढलेला अ‍ॅव्हरेज खऱ्यापेक्षा वाईट दिसतो. तुलना करायचीच असेल तर मीटरवरच्या अंतराला व्यासाच्या प्रमाणाने गुणून घ्यावे.

मीटरची हीच चूक वेगाच्या बाबतीत धोक्याची ठरते. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू नये असा दंडक असल्यामुळे कंपन्या तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात, आणि व्यासातली दोन-तीन टक्के वाढ त्या सवलतीत साधारणपणे पचून जाते. दहा टक्के पचत नाहीत. मूळ मीटर अचूक होता असे धरले तर काटा ८० वर असताना गाडी ८८ च्या वेगाने धावत असते, आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा वाढत असल्यामुळे ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी जास्त असते.

आणि त्याच वेळी ब्रेकची पकड उणावलेली असते. ‘ब्रेकला काही होत नाही’ हा त्या संपूर्ण सल्ल्यातला मला सर्वांत बेफिकीर वाटणारा भाग आहे. डिस्क किंवा ड्रम तोच, पॅडलवर पडणारा पाय तोच. पण चाक मोठे झाले की रस्त्याच्या हाती लांब दांडा येतो, आणि तेवढ्याच पायाच्या दाबाने रस्त्यापाशी मिळणारे थांबवण्याचे बळ दहा टक्के मोठ्या चाकावर सुमारे ९ टक्क्यांनी घटते. सपाटीवर पाय थोडा जास्त दाबून हे निभावून जाते. भरलेली गाडी लांब उतारावर असली, ड्रम तापलेले असले, तर निभावून नेण्याची तीच शिल्लक संपलेली असते. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि मागचा आस यांमधले अंतर पाहून तो माल किती आहे हे ओळखतो. मोठा टायर मावावा म्हणून कोणी पाट्यांखाली (पट्ट्यांच्या स्प्रिंगखाली) ठोकळे घातले किंवा पाटे चासीला जोडणारे शॅकल लांब केले, तर ते अंतर वाढते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी भासते आणि भरल्या गाडीतही तो मागचा दाब कमीच ठेवतो. अशी उंची वाढवणाऱ्याने हा व्हॉल्व्ह नव्याने जुळवून घेतला का, हे आधी विचारावे.

जास्त मालाचा दावा कुठून आला हे शोधणे सोपे आहे. टायरच्या बाजूवर मापानंतर जो आकडा असतो तो भार निर्देशांक; १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो आणि १०५ म्हणजे ९२५ किलो. मागच्या दोन टायरांचा फरक २५० किलो होतो, आणि तोच पुढे ‘तेवढा माल जास्त’ असा सांगितला जातो. परंतु गाडीचे पासिंग, म्हणजे आरटीओने मंजूर केलेले वजन, किती हे एकटा टायर ठरवत नाही. आस, बेअरिंग, पाटे, चासी आणि ब्रेक यांच्यात जो सर्वांत अशक्त दुवा असेल तो वजनाची मर्यादा ठरवतो, आणि मोठ्या टायरने यांपैकी एकही भाग बळकट होत नाही. उलट रिम बाहेर काढण्यासाठी स्पेसर (हब आणि रिम यांमधल्या चकत्या) घातले असतील तर बेअरिंगवरचा ताण वाढतोच. याहून फसवी गोष्ट म्हणजे दिसायला मोठा टायर कधी कधी कमी वजनाचा निघतो. मालवाहू गाडीसाठी बनवलेल्या टायरवर एलटी (लाइट ट्रक), सी (कमर्शियल) किंवा प्लायची, म्हणजे आतल्या थरांच्या ताकदीची, संख्या छापलेली असते, तर त्याहून रुंद दिसणारा एसयूव्हीचा टायर कमी हवेवर आणि कमी भारावर चालण्यासाठी बनलेला असतो. दुकानदाराने ‘हा तर मोठाच आहे’ असे म्हटले तरी आधी निर्देशांक वाचावा, आणि ११२/११० असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी व दुसरा जोडचाकासाठी असतो हे लक्षात ठेवावे.

चिखलाचा मुद्दा तुलनेने छोटा आहे. टायर जमिनीला किती जागेत टेकतो हे मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात, रुंदी त्या जागेचा आकार बदलते. वाळूत रुंद टायर तरंगतो हे मान्य. पण पावसाळ्यातल्या शेतरस्त्यावर वरचा थर निसरडा आणि खाली टणक जमीन असते तेव्हा अरुंद टायर तो थर कापून खाली पोहोचतो. काळ्या मातीत तर रुंदीपेक्षा नक्षीतल्या खाचा स्वतःला मोकळ्या करतात की लिंपून गुळगुळीत होतात, यावर सारे अवलंबून असते. मूळ मापातच ऑल-टेरेन नक्षीचा टायर घेतला तर चिखलातला बराचसा फायदा माप न बदलता मिळतो.

आरटीओविषयीचे विधान कदाचित एखाद्याच्या अनुभवाला धरून असेल, कायद्याला धरून नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोठ्या टायरच्या भरवशावर जास्त माल भरला तर कलम १९४ वेगळे लागते: २०,००० रुपये आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. मालवाहू पिकअपला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेससाठी न्यावेच लागते, तेव्हा माप कोणी पाहणारच नाही यावर पैसे लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. विम्याचा दावा अडकण्याची भीती निराळीच.

राहिला खर्च. त्याच रिमवर मोठा टायर टाकण्यातही मेख आहे, कारण २३५/७५ आर १५ ला साधारण ६ ते ८ इंच रुंदीची रिम लागते आणि साडेपाच इंची रिमवर तो बसवला तर मधोमध फुगून झिजतो. म्हणजे रिमही आल्या. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, पुढच्या चाकांचे लवकर झिजणारे सांधे आणि स्टिअरिंगचे दांडे (बॉल जॉइंट आणि टाय रॉड) यांचा हिशेब सल्ला देणारा कधी सांगत नाही. कमी पैशात आणि सुरक्षितपणे करायचे असेल तर जुने टायर संपेपर्यंत थांबावे, त्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी कोणते माप देते ते पाहावे, आणि व्यासातली वाढ तीन टक्क्यांच्या आत ठेवावी. २१५/७५ वरून २२५/७५ आर १५ घेतल्यास वाढ २.१ टक्के होते. मात्र रिमची रुंदी तिथेही तपासावीच. भार निर्देशांक मूळ टायरइतका किंवा जास्तच असावा. पैसे देण्यापूर्वी एक टायर पुढे चढवून, हौद्यात माल असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून घासते का ते पाहावे, आणि बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत.

आणि टायर चार नसतात, पाच असतात. जुन्या मापाची स्टेपनी तशीच ठेवली आणि ती मागे लावण्याची वेळ आली, तर दोन चाकांचा व्यास वेगळा असल्यामुळे सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) सतत काम करत राहून तापतो, म्हणून अशा स्टेपनीवर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जाता येते, भाडे पूर्ण करता येत नाही. पाचवा टायरही नव्या मापाचा घेतला, तर हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत तो मावतो का, हे आधी टेप लावून मोजावे लागते.