“लग्न झालं की माहेरच्या जमिनीवरचा हक्क संपतो” : या मेसेजला माझं उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. लग्न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा नाही. वडील 2005 च्या आधी वारले असतील तर विषयच संपला. परदेशाचं नागरिकत्व घेतलं की इथला वारसा बुडतो. नॉमिनी तोच मालक. आणि सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही. पाठवणारे बहुतेक जण चांगल्या मनाने पाठवतात. पण असलं काही वाचून एखादी बहीण मुकाट्याने सही करून मोकळी होते, म्हणून गप्प बसवत नाही. मी लिहितेय ते हिंदू वारसा कायद्याबद्दल. तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

लग्नाचा मुद्दा आला कुठून, ते आधी सांगते. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने सहहिस्सेदार केलं, पण त्या वर्षीच्या 22 जूनच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. गावोगावी डोक्यात बसलं ते हेच. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिने लग्नाची अट ठेवलीच नाही. मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार. लग्न 1980 चं असो की कालचं. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. ते मृत्युपत्र न करता वारले, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असली तर वडिलांची आई यांना सारखा वाटा, हे 1956 पासूनच कायद्यात आहे. “लग्नात एवढा खर्च केला, तोच तुझा हिस्सा” हे वाक्य कायद्यात कुठेही नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. स्वतः कमावलेली मिळकत वडील मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, त्यात मुलीचं नाव नसेल तरीही. मेसेजने हे सांगितलं असतं तर मी त्याला खोटं म्हटलं नसतं.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त फसवा आहे, कारण तो एका खऱ्या निकालातून आलाय. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील आणि मुलगी दोघंही हयात असतील तरच नव्या दुरुस्तीचा लाभ मिळेल. पण 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ते मत रद्द ठरवलं. हक्क जन्माने मिळतो, 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील जिवंत असण्याची गरज नाही, असं त्या निकालात स्पष्ट आहे. म्हणजे मेसेज लिहिणारा 2015 मध्येच अडकून राहिलाय. अडचण येते ती दुसरीकडे : 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटप, कोर्टाचा हुकूमनामा किंवा विक्री झाली असेल, तर ती आता उकरून काढता येत नाही. भाऊ म्हणाला “तोंडी वाटप तेव्हाच झालं होतं”, तर नुसत्या शब्दावर कोर्ट ते धरत नाही. त्या काळातले सरकारी दप्तरातले भक्कम पुरावे लागतात.

परदेशातल्या मुलांचं थोडक्यात. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं, हे खरं. वारसा जात नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. ती विकताना मात्र घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा.

नॉमिनीचंही तसंच. बँकेतली ठेव असो की सोसायटीतला फ्लॅट, नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. विम्यात 2015 पासून आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आहे, तेवढा अपवाद.

आता सात-बारा. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, आणि सात-बारा हे महसुलाचं दप्तर आहे, मालकी ठरवणारा कागद नव्हे. कोर्टांनी हे कितीदा तरी सांगितलंय. तरी नाव कुठे आणि कसं लागलंय ते बघाच. माझ्या आत्याचा सात-बारा मी स्वतः पाहिला. भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून थोरल्या काकांचं नाव, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आत्याचं नाव खाली ‘इतर हक्क’ या रकान्यात, जिथे बँकेचा बोजा लिहितात तिथे. तिला वाटत होतं, नाव आहे म्हणजे झालं.

नंतर तिच्याकडून एका स्टँपपेपरवर सही घेतली होती. सांगितलं होतं, वारसनोंदीसाठी लागते. मी तो कागद वाचून दाखवला : “मला माहेरच्या मिळकतीची गरज नसल्याने राजीखुशीने हक्क सोडत आहे.” आत्या बराच वेळ बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “हे मी कधी म्हटलं गं?”

तो कागद घरीच झाला होता, दुय्यम निबंधकासमोर नोंदलेला नव्हता. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय हक्क संपवू शकत नाही, म्हणून तिचा हिस्सा शाबूत राहिला. नोंदणी झाली असती, तर फसवणूक सिद्ध करत तिला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या.

म्हणून तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली तर ती भावाकडे देऊन टाकू नका. आधी नोंद काय धरली आहे ते वाचा. हरकत असेल तर 15 दिवसांच्या आत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.